लवणासुराच्या मुलखातून मेलुहाकडे

पुराणातील देवांना हाडामांसाची माणसे करून त्यांच्याभोवती अख्खे जग उभारणारी अलीकडची मालिका म्हणजे अमीश त्रिपाठी यांची शिवकथात्रयी: ‘द इमॉर्टल्स ऑफ मेलुहा’ (2010), ‘द सीक्रेट ऑफ द नागाज’ (2011) आणि ‘द ओथ ऑफ द वायुपुत्राज’ (2013). पहिला भाग मराठीत ‘मेलुहाचे मृत्युंजय’ या नावाने आला. 1974 मध्ये मुंबईत जन्मलेले अमीश कोलकात्याच्या आयआयएममध्ये शिकले आणि वित्तक्षेत्रात नोकरीला लागले. अनेक प्रकाशकांनी नाकारलेले हे पहिले पुस्तक शेवटी त्यांच्या एजंटानेच छापले.

कथा इसवी सनपूर्व 1900 च्या सुमाराची आहे. तिबेटातील गुण टोळीचा तरुण म्होरक्या शिव मानसरोवराकाठच्या रोजच्या मारामाऱ्यांना कंटाळून मेलुहा या सूर्यवंशींच्या राज्यात येतो. तिथे दिलेल्या औषधाने त्याचा गळा निळा पडतो आणि नीलकंठाची वाट पाहत बसलेले सूर्यवंशी त्याच्यापुढे हात जोडतात. हा शिव चिलीम ओढतो, नाचतो, प्रेमात पडतो आणि स्वतःच्या देवपणावर सर्वात कमी विश्वास ठेवतो.

मालिकेचे खरे बळ लढायांत नाही, मेलुहाच्या कारभारात आहे. तिथे मूल जन्मताच राज्याच्या हवाली होते. मैका नावाच्या ठिकाणी सगळी मुले एकत्र वाढतात, परीक्षा देतात, निकालावरून त्यांचा वर्ण ठरतो आणि मग त्या वर्णाचे आईबाप त्यांना दत्तक घेतात. इतक्या न्यायी राज्यात ‘विकर्म’ही असतात. मृत मूल जन्माला आले, तर ते आईच्या गतजन्मीच्या पापाचे फळ मानून तिला अस्पृश्य ठरवतात. शिव जिच्या प्रेमात पडतो ती सती त्यांच्यापैकीच एक. आदर्श व्यवस्थेची ही काळी बाजू शिवाला दिसते, तिथून कादंबरी वेग घेते.

चमत्काराला कारण शोधण्याची अमीश यांची रीत बुलढाणा जिल्ह्यातील वाचकाला परकी वाटू नये. तिथल्या लोणार सरोवराची दंतकथा सांगते, की जमिनीखाली दडलेल्या लवणासुराच्या बहिणी विष्णूच्या देखण्या रूपावर भाळल्या आणि त्यांनी भावाचा ठावठिकाणा सांगून टाकला. विष्णूने पायाच्या अंगठ्याने बिळाचे झाकण उडवले. ते थेट ढाकेफळजवळ पडून तिथली टेकडी झाली. खड्ड्यातले पाणी म्हणजे असुराचे रक्त. भूशास्त्र तिथे उल्का आणते: बेसाल्टच्या खडकात सुमारे 1.8 किलोमीटर व्यासाचे विवर. जून 2020 मध्ये सरोवर गुलाबी झाले, तेव्हा त्याचे कारण खाऱ्या पाण्यातल्या सूक्ष्मजीवांत सापडले. चमत्काराकडून कारणाकडचा हाच प्रवास अमीश कादंबरीत घडवतात. त्यांचे नाग म्हणजे जन्मतः शरीरात व्यंग असलेली, समाजाने हाकललेली माणसे. त्यांची राजधानी गोदावरीकाठी पंचवटीत आहे. व्यंगाचे कारण इथे सांगितले तर तिसऱ्या भागाची गंमत जाईल.

उणिवाही ठळक आहेत. संवाद आजच्या कॉलेज कट्ट्यावरचे वाटतात, आणि पात्रे तत्त्वज्ञान सांगू लागली की कथा थांबते. शब्दकळेसाठी वाचणाऱ्याची इथे निराशाच होईल.

अमीश यांच्याच ‘रामचंद्र’ मालिकेचा काळ या त्रयीच्या आधीचा. तिचे पहिले तीन भाग (2015, 2017, 2019) राम, सीता आणि रावण यांच्या बाजूने एकच कथा सांगत सीताहरणापर्यंत येतात. ‘वॉर ऑफ लंका’ (2022) तिथून पुढे जाते. काळाचा क्रम उलटा असला, तरी सुरुवात मेलुहापासूनच करावी. रामाने मेलुहाला घालून दिलेल्या नियमांचे पुढे काय झाले हे आधी ठाऊक असले, की राम ते नियम घडवत असताना वाचक सावध राहतो.