मालाचे निवेदन : देणाऱ्याने काय सांगावे, घेणाऱ्याने काय विचारावे



आपल्या या पत्रिकेत, गट ऑफिसच्या फळ्यावर आणि ऊस विकास मेळाव्यात खते, औषधे, टॉनिके, बेणे, ठिबकचे संच, पाचट कुट्टीची यंत्रे अशा नाना मालाची निवेदने येत असतात. अलीकडे ती फारच वाढली. मेळावा ऊस पिकाचा आणि दीड तासातला एक तास बाटलीचा, असे दोन-तीन गावी झाले. म्हणून शेतकी समितीने यंदाच्या हंगामापासून अशा निवेदनांना काही नियम घातले आहेत. ते का घातले हे आधी सांगितले पाहिजे, आणि त्यात थोडी माझीही चूक आहे, तीही सांगतो.

तीन वर्षांपूर्वी एका गावच्या मेळाव्यात एका कंपनीच्या प्रतिनिधीला मी बोलू दिले. माणूस बोलायला गोड. एकरी २० टन वाढ, खर्च फक्त ६,२०० रुपये, आणि रक्कम ऊस बिलातून वळती होईल, असे त्याने सांगितले. मी शेजारीच खुर्चीवर बसलो होतो. हो म्हटले नाही, पण नाहीही म्हटले नाही. आमच्या एका सभासद भगिनीने दोन एकराला तो संच घेतला. पुढच्या हंगामात ऊस तुटला, तेव्हा आधीच्या वर्षीचे एकरी ४६ टन होते त्याचे ४७ झाले. बिलाची पावती घेऊन त्या ऑफिसात आल्या. रागावल्या नाहीत. एवढेच म्हणाल्या, "सायेब, तुम्ही शेजारी बसला होता म्हणून घेतलं. नाहीतर त्या माणसाला मी कुठं वळखत होते?" १२,४०० रुपये वळते झालेले होते. त्याच पैशात त्यांच्या मुलाची वसतिगृहाची फी भरायची होती, हे मला नंतर कळले.

तो माल बनावट होता असे मी म्हणत नाही. कायद्याच्या कागदात कदाचित सगळे ठीकही असेल. पण कारखान्याच्या व्यासपीठावरून जे सांगितले जाते ते कारखान्यानेच सांगितले असे सभासद धरतो, आणि ते धरणे चूक नाही. तेव्हा जे सांगायचे ते तपासून सांगितले गेले पाहिजे.

आता नियमांकडे वळू. निवेदन लेखी द्यायचे, अर्ध्या कागदावर मावेल एवढे. ते गट ऑफिसमार्फत शेतकी खात्याकडे येईल, वाचले जाईल आणि मगच पत्रिकेत किंवा फळ्यावर लागेल. परत करायचे झाल्यास कारण लिहून परत केले जाईल, जेणेकरून दुरुस्त करून पुन्हा देता येईल. खाते स्वतः मजकुरात फेरफार करणार नाही, कारण एकदा आम्ही दुसऱ्याचा शब्द बदलला की त्या शब्दाची जबाबदारी आमच्यावर येते. एका मालाचे निवेदन हंगामात एकदाच. नवी जात, नवा भाव, नवे केंद्र असे काही असेल तरच पुन्हा. नुसते "आठवण करून देत आहोत" म्हणून पुन्हा पुन्हा येणारे निवेदन लागणार नाही. मेळाव्यात बोलायचे तर शेवटी, दहा मिनिटे, पिकाची चर्चा संपल्यावर. ज्याला उठून जायचे त्याने खुशाल जावे. दुसऱ्याच्या मालाची नालस्ती करायची नाही, आपल्या मालाचे काय ते सांगायचे.

निवेदनात मजकूर काय हवा हा खरा प्रश्न. नाव, बनवणाऱ्याचा पत्ता, कमाल किरकोळ किंमत आणि विकणाऱ्याचा परवाना हे तर हवेच. खत असेल तर ते खत नियंत्रण आदेश, १९८५ खाली येते, आणि पिशवीवर अन्नद्रव्यांची टक्केवारी छापलेली असते. तीच टक्केवारी निवेदनात आली पाहिजे. कीडनाशक असेल तर १९६८ च्या कीटकनाशक कायद्याखालील नोंदणी क्रमांक हवा, आणि ते कोणत्या पिकावर, कोणत्या किडीसाठी मंजूर आहे तेही. "सर्व पिकांवर, सर्व किडींवर" असे लिहिलेले निवेदन आम्ही सरळ परत करू. डब्यावरचा रंगीत त्रिकोण सर्वांनी पाहिला आहे: लाल सर्वांत जहाल, मग पिवळा, निळा, आणि हिरवा त्यातल्या त्यात सौम्य. निवेदनात त्रिकोणाचा रंग लिहावा, म्हणजे फवारणाऱ्या गड्याला काय हाताळायचे आहे ते आधी कळेल.

टॉनिकांचा मामला जरा निराळा. ही ना धड खत ना धड औषध, त्यामुळे पुष्कळ वर्षे यांना कोणी विचारीत नव्हते. फेब्रुवारी २०२१ मध्ये केंद्र सरकारने खत नियंत्रण आदेशात दुरुस्ती करून जैव-उत्तेजकांचा त्यात समावेश केला. तेव्हा ज्या द्रवावर "वाढवर्धक", "संजीवक", "फुटवा वाढवणारे" असे काही छापले असेल त्याच्याकडे नोंदणीचा कागद मागायचा. तोंडी "कागद कंपनीत आहे" चालणार नाही.

पण कागद असला म्हणजे झाले असेही नाही. थोडा हिशोब करू, कारण बहुतेक फसगत हिशोब न केल्याने होते.

आडसाली उसाला हेक्टरी ४०० किलो नत्र आणि प्रत्येकी १७० किलो स्फुरद व पालाश अशी आपल्याकडची शिफारस आहे. एकरी धरले तर नत्र १६० किलो, स्फुरद ६८, पालाश ६८. युरियाच्या ४५ किलोच्या गोणीत ४६ टक्के नत्र, म्हणजे २० किलो ७०० ग्रॅम. आता एक लिटरच्या बाटलीत ५ टक्के नत्र आहे असे छापले असेल तर त्यात नत्र किती? सुमारे ५० ग्रॅम. म्हणजे एका गोणीतल्या नत्राला अशा चारशेच्या वर बाटल्या लागतील. "एक बाटली म्हणजे दोन गोण्या वाचल्या" असे कोणी म्हणाले तर हा हिशोब त्याच्यापुढे मांडावा. बाटलीचा उपयोग होत नाही असे नाही. फवारणीतून थोडे अन्नद्रव्य पानाला मिळते, सूक्ष्म अन्नद्रव्याची कमतरता भरून निघते. पण तिने गोणीची जागा घेतली असे सांगणे वेगळे.

तसेच २० टन वाढीचे. एकरी ४० हजार गाळपालायक ऊस आणि एकेकाचे वजन दोन किलो धरले तर ८० टन होतात. आता २० टन वाढायचे तर एक तर त्याच ४० हजार उसांचे वजन प्रत्येकी अर्धा किलोने वाढले पाहिजे, नाहीतर दोन किलोचेच आणखी १० हजार ऊस उभे राहिले पाहिजेत. निवेदन देणाऱ्याने सांगावे, यातले तुमच्या मालाने काय होते? संख्या वाढते की वजन? आणि लागणीनंतर कितव्या महिन्यात ते दिसते? ज्याने खरोखर प्लॉट घेतला आहे तो याचे उत्तर देतो. न घेतलेला "रिझल्ट बघा की साहेब" म्हणतो.

म्हणून यापुढे टनेजचा आकडा निवेदनात टाकायचा असेल तर तो कोणत्या प्लॉटवरचा, आणि शेजारी तो माल न वापरलेला तुलनेचा प्लॉट होता का, हे लिहावे लागेल. एकाच रानात, एकाच दिवशी, एकाच बेण्याची लागण, खत-पाणी सारखे, अर्ध्यात माल वापरला, अर्ध्यात नाही, आणि दोन्हीकडचा ऊस वेगळा तोडून काट्यावर वेगळा मोजला. एवढे झाले तरच फरक त्या मालाचा म्हणता येईल. नाहीतर गेल्या वर्षी ४६ आणि यंदा ४७ यात पावसाचा वाटा किती, वेळेवर झालेल्या मोठ्या भरणीचा किती आणि बाटलीचा किती, हे ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही. उसाचा उंच फोटो हा पुरावा नव्हे. फोटो काढणाराच खाली बसला की कोणताही ऊस उंच दिसतो.

आणि खर्चाचे. हिशोबाला सोपे म्हणून टनाला तीन हजार हातात पडतात असे धरा. ६,२०० रुपये एकरी खर्च केला तर नुसता खर्च निघायलाच दोन टनांच्या वर वाढ हवी. त्या भगिनीला एकच टन वाढ मिळाली, आणि तीही त्या मालाचीच होती की नव्हती कोण जाणे.

सभासदांची स्वतःची निवेदनेही असतात, मुख्यतः बेण्याची. यात आपलीच माणसे आपल्याच माणसांना विकतात, त्यामुळे मी जरा जास्तच काटेकोर आहे. वाईट बाटलीने एका वर्षाचे पैसे जातात; वाईट बेण्याने लागण आणि तिच्या मागचे खोडवेही जातात, आणि गवताळ वाढ किंवा चाबूक काणी शेजाऱ्याच्या रानात पोहोचते ती वेगळीच.

बेण्याच्या निवेदनात जातीचे पूर्ण नाव हवे. जातीच्या नावातच तिचा पत्ता असतो. "को" म्हणजे कोइमतूर, जिथली ऊस पैदास संस्था १९१२ पासून आहे. को ८६०३२ म्हणजे तिथली १९८६ सालची ३२ क्रमांकाची निवड. "को एम" मधला एम महाराष्ट्राचा. आपण जिला फुले २६५ म्हणतो ती को एम ०२६५, पाडेगावची. तेव्हा "नवीन जबरदस्त जात, भरघोस फुटवा" असे कोणी लिहिले आणि जातीला क्रमांकच नसेल तर ती जात कुठून आली हे विचारणे भाग आहे. एखाद्याच्या आडनावाने चालणारी जात ही बहुधा जुनीच जात नवा सदरा घालून आलेली असते.

दुसरे, बेण्याचे वय. ९ ते ११ महिन्यांचे, लागणीच्या उसाचेच. खोडव्याचा ऊस बेणे म्हणून द्यायचा नाही आणि घ्यायचा नाही, मग तो कितीही रसरशीत दिसो. तिसरे, ते कोणत्या पिढीचे. मूलभूत बेण्याला उष्ण बाष्प हवेची प्रक्रिया ५४ अंश सेल्सिअसला अडीच तास झालेली असते. त्यापासून पायाभूत, पायाभूतापासून प्रमाणित, आणि ते सभासदाच्या रानात. मूलभूत बेणे कोठून, कोणत्या साली आणले, ते निवेदनात लिहावे. ज्याच्याकडे त्याची पावती नाही त्याने "घरचे बेणे" असे प्रामाणिकपणे लिहावे. घरचे बेणे म्हणजे वाईट असे नाही, पण घेणाऱ्याला माहीत असलेले बरे. भाव गुंठ्यावर की टनावर आणि तोडून देणार कोण, हेही लिहावे. निम्मी भांडणे याच एका गोष्टीवरून गट ऑफिसात येतात. निवेदन आल्यावर आमचा माणूस प्लॉट पाहून येईल. काणीचे चाबूक दिसले तर निवेदन लागणार नाही, मग निवेदन कोणाचेही असो.

कारखान्याच्या मालालाही हेच नियम लागू आहेत, हे मी समितीत आग्रहाने मांडले आणि ते मान्य झाले. कंपोस्टचे निवेदन द्यायचे तर त्यात ओल किती टक्के ते आम्ही लिहू, कारण ओले कंपोस्ट विकत घेणे म्हणजे पाणी विकत घेणे. मळीपासून मिळणारे पालाश खत पुष्कळ ठिकाणी मिळू लागले आहे. आदेशाप्रमाणे त्यात पालाश किमान १४.५ टक्के असावे लागते, तर म्युरेट ऑफ पोटॅशमध्ये ६० टक्के. म्हणजे ५० किलोच्या गोणीत एकात सव्वासात किलो आणि दुसऱ्यात ३० किलो. गोणीला गोणी लावून भाव करू नये, किलो पालाशला काय पडते ते पाहावे. उद्या आम्ही ते विकायला काढले तर हा हिशोब आम्हालाही मांडावा लागेल.

एक नाजूक मुद्दा राहिला. निवेदन देणाऱ्याचा त्या मालात काय संबंध आहे, ते त्याने उघड लिहावे: विक्रेता आहे, कमिशनवर आहे, की कंपनीचा नोकर आहे. सभासद म्हणून अनुभव सांगतो आणि मागून टक्का घेतो, हे चालणार नाही. शेतकी खात्यातल्या कोणीही, चिटबॉयपासून माझ्यापर्यंत, कोणत्याही मालावर कमिशन घ्यायचे नाही. कोणी घेतल्याचे आढळले तर कार्यकारी संचालकांच्या नावे बंद पाकिटात लिहावे. पाकीट माझ्या टेबलावरून जाणार नाही अशी सोय केली आहे. ऊस बिलातून वळती करायची कोणतीही खरेदी आता सभासदाच्या सहीच्या अर्जाशिवाय होणार नाही. मेळाव्यात हात वर केला म्हणजे संमती, हे बंद.

माल घेताना पक्की पावती घ्यावी आणि तिच्यावर लॉट नंबर लिहून घ्यावा. युरियाबरोबर दुसरे काही घेतलेच पाहिजे अशी सक्ती कोणी केली तर ती बेकायदेशीर आहे. पंचायत समितीच्या किंवा तालुका कृषी अधिकाऱ्यांकडे लेखी तक्रार करावी, अर्ज लिहायला गट ऑफिस मदत करील. डबा किंवा रिकामी गोणी फेकू नये. नमुना तपासायची वेळ आली तर सील न फोडलेली पिशवी आणि पावती यांवरच सगळे चालते.

पुढील अंकासाठी निवेदने महिन्याच्या २० तारखेपर्यंत गट ऑफिसात द्यावीत. बेण्याची निवेदने त्याआधी आठ दिवस, म्हणजे प्लॉट पाहायला वेळ मिळेल. आडसाली लागण करणाऱ्यांनी बेणे मळ्याची मागणी वेगळ्या अर्जावर नोंदवायची आहे, तो अर्ज याच अंकाच्या शेवटच्या पानावर छापला आहे.

— ऊस विकास अधिकारी