पाऊस नसताना चित्र का फुटते?

मुंबई दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. त्यानंतर पुढची अनेक वर्षे घरोघरी एक दृश्य ठरलेले असे. एकाने वर चढून अँटेना फिरवायचा आणि ओरडून विचारायचे, "आलं का?" खालून उत्तर येई, "नाही, अजून मुंग्याच!"

आता अँटेनाच्या जागी डिश आली, पण वर चढण्याची सवय गेलेली नाही. विरार पूर्वेला चंदनसार येथे ओळखीच्या एका घरी आम्ही पावसाळ्यात क्रिकेटचा सामना पाहत बसलो होतो. पाऊस थांबून तासभर झाला होता. फलंदाजाने चेंडू सीमेकडे टोलावला, कॅमेरा त्याच्यामागे धावला आणि मैदानातील हिरवळ एकदम पुसट झाली. गवताची पाती जाऊन तेथे हिरवे ठोकळे दिसू लागले. घरातला नववीतला मुलगा लगेच उठला आणि डिश हलवायला ओल्या पत्र्यावर चढू लागला. आम्ही त्याला थांबवले. "पण सर, आम्ही एचडीचे जादा पैसे भरतो, मग असं का दिसतं?" त्याने विचारले.

प्रश्न रास्त होता. त्याचे उत्तर वर्गात सांगण्याजोगे आहे.

प्रथम थोडे गणित करू. एचडी चित्रात आडव्या ओळीत १९२० आणि उभ्या ओळीत १०८० चित्रबिंदू असतात, म्हणजे एकूण २०,७३,६०० बिंदू. प्रत्येक बिंदूचा लाल, हिरवा व निळा अंश लिहायला प्रत्येकी ८, म्हणजे २४ बिट लागतात. सेकंदाला अशी २५ चित्रे धरली, तर गुणाकार सुमारे १२४ कोटी बिट येतो. आता दुसरी बाजू पाहू. उपग्रहावरील एक ट्रान्सपाँडर, म्हणजे संदेश घेऊन परत पाठवणारी यंत्रणा, सेकंदाला साधारण ४ ते ६ कोटी बिट वाहून नेते. त्यातही अनेक वाहिन्या दाटीवाटीने बसवलेल्या असतात. एका एचडी वाहिनीच्या वाट्याला साधारणपणे ५० लाख ते १ कोटी बिट येतात. म्हणजे मूळच्या सव्वाशे ते अडीचशे बिटांच्या जागी एकाच बिटावर भागवावे लागते!

हे कसे साधते? आपला डोळा उजेडातील बारकावे चांगले टिपतो, रंगातील तितके नाही. म्हणून रंगाची माहिती विरळ करतात. तेवढ्यानेच निम्मा भार कमी होतो. पुढची युक्ती समजण्यासाठी वर्गात एक खेळ घ्यावा.

आलेखाच्या कागदावर ८ × ८ असे ६४ चौकोन आखा. प्रत्येकात ० ते ९ पैकी एक अंक लिहा. ० म्हणजे काळा, ९ म्हणजे पांढरा. एका कागदावर निरभ्र आकाश काढा, म्हणजे बहुतेक चौकोनांत ६ आणि खालच्या दोन ओळींत ७. दुसऱ्यावर गवत काढा: ३, ८, २, ७, ४, ९ असे उलटसुलट अंक. आता एका विद्यार्थ्याने पाठमोऱ्या मित्राला फक्त दहा अंक सांगून चित्र काढायला लावायचे. आकाश सहज जमते. गवताला मात्र दहा अंक पुरत नाहीत. मग विद्यार्थी काय करतो? आधी सरासरी सांगतो, मग "डावीकडे थोडे गडद" अशी ढोबळ माहिती देतो आणि पातीपातीतला फरक सोडून देतो. मित्राच्या कागदावर गवताऐवजी एकसारखा ठोकळा उमटतो.

सामन्यात आम्हाला दिसले ते हेच. चित्राचे लहान चौकोन पाडायचे, प्रत्येकाची सरासरी, सावकाश होणारे बदल आणि झपाट्याने होणारे बदल वेगवेगळे मोजायचे आणि बिट कमी पडले की झपाट्याचे बदल गाळायचे. या मोजणीला डिस्क्रीट कोसाइन ट्रान्सफॉर्म म्हणतात. मूळचे बंगळुरूचे नासिर अहमद यांनी १९७२ मध्ये या कल्पनेवर काम करण्यासाठी अमेरिकेच्या नॅशनल सायन्स फाउंडेशनकडे अनुदान मागितले होते. ते नाकारले गेले. तरीही टी. नटराजन आणि के. आर. राव यांच्यासह त्यांनी काम पुरे केले आणि १९७४ मध्ये शोधनिबंध प्रसिद्ध केला. आज मोबाइलमधील जेपेग छायाचित्रापासून दूरचित्रवाणीपर्यंत ही पद्धत किंवा तिची भावंडे वापरात आहेत.

तिसरी युक्ती काळाची. वृत्तनिवेदकाच्या मागची भिंत क्षणाक्षणाला बदलत नाही. म्हणून अधूनमधून एक पूर्ण चित्र पाठवतात आणि मधल्या चित्रांसाठी "हा तुकडा इतका सरकला" एवढेच कळवतात. पण कॅमेरा धावला, लाटा उसळल्या, आतषबाजी झाली किंवा प्रेक्षकांनी एकदम झेंडे हलवले, की सगळेच बदलते. नवी माहिती भरपूर आणि बिट तेवढेच! म्हणूनच बातम्यांत स्वच्छ दिसणारा टीव्ही सामन्यात मार खातो. सूर्यास्ताच्या आकाशात दिसणारे रंगांचे पट्टे, अक्षरांच्या कडेला होणारी थरथर हीही याच काटकसरीची लक्षणे.

मग पावसाचे काय? त्याचा दोष वेगळा. डीटीएचच्या लहरींची लांबी सुमारे अडीच सेंटिमीटर असते. मुसळधार पावसाचे थेंब त्या शोषतात आणि विखुरतात. थोड्या चुका सेट-टॉप बॉक्स गणिताने दुरुस्त करतो. मर्यादा ओलांडली, की चित्र गोठते, भलत्याच रंगांचे चौकोन दिसतात, आवाजही तुटतो आणि शेवटी पडदा रिकामा होतो. जुन्या मुंग्यांसारखे हळूहळू बिघडणे येथे नाही.

दोन्ही दोष असे ओळखावेत. आवाज स्वच्छ आहे, बॉक्सच्या सूचीतील सिग्नलची पट्टी भरलेली आहे आणि चित्र फक्त वेगवान हालचालीत फुटते, तर काटकसर प्रक्षेपणाच्या टोकालाच झाली आहे. ३६,००० किलोमीटर उंचीवरच्या उपग्रहाकडे माहिती जाण्यापूर्वीच जे गाळले, ते डिश फिरवून परत येत नाही. पावसात आवाजासकट सगळे तुटले, तर पाऊस ओसरण्याची वाट पाहावी. कोरड्या हवेतही पट्टी खाली असेल, तरच डिशची दिशा चुकली असण्याचा संभव आहे. ते काम माहीतगाराला बोलावून करावे. तीनपैकी कोणत्याही कारणासाठी मुलांनी ओल्या पत्र्यावर चढण्याची गरज नाही.

राहिला जादा पैशांचा प्रश्न. भारतात २०१० च्या राष्ट्रकुल स्पर्धांचे एचडी प्रक्षेपण दूरदर्शनने केले, तेव्हापासून हा शब्द घरोघरी पोचू लागला. पण एचडी हे नाव फक्त बिंदूंची संख्या सांगते. त्या बिंदूंसाठी किती बिट खर्च केले, हे सांगत नाही. ठिपक्यांच्या रांगोळीत ठिपके मोजून पुरे पडले, तरी रांगोळीची पूडच कमी असेल तर नक्षी कशी भरणार? एका ट्रान्सपाँडरवर आणखी एक वाहिनी बसवली, की इतरांच्या वाट्याची पूड कमी होते. वाहिनीचे नाव मात्र तेच राहते.

आमच्या नववीतल्या मित्राने पुढच्या षटकात स्वतःच निरीक्षण सुरू केले. गोलंदाज चालत होता तोवर गवत दिसले, कॅमेरा धावला आणि गवत गेले. "म्हणजे पैसे ठिपक्यांचे घेतात, पुडीचे नाही!" तो म्हणाला. तुमच्या वर्गातही हा खेळ करून पाहा आणि मुलांना विचारा: दहाऐवजी वीस अंक दिले, तर गवत किती दिसेल?