चंदगडी माणसं किती?

1956 च्या राज्य पुनर्रचनेच्या कायद्यात बेळगाव जिल्हा म्हैसूर राज्याला दिला गेला, तो ‘चंदगड तालुका वगळून’. या तीन शब्दांनी चंदगडचं पुढचं सगळं ठरलं. त्या वर्षीच्या 1 नोव्हेंबरपासून तालुका कोल्हापूर जिल्ह्यात आला. कचेरीच्या कामाला शंभर किलोमीटरवरचं कोल्हापूर आणि बाजाराला, दवाखान्याला जवळचं बेळगाव, ही ओढाताण तेव्हापासूनची. घाट उतरलं की गोवा आणि तळकोकण, पूर्वेला कानडी मुलूख. त्यामुळे मराठी, कोंकणी आणि कानडी यांच्या शेजारातून इथली चंदगडी बोली घडली.

माणसं मात्र गावात फार टिकली नाहीत. पश्चिमेकडे पाऊस बेसुमार, जमीन उताराची. भात आणि नाचणीवर वर्ष निघत नसे. म्हणून चंदगड, आजरा, गडहिंग्लजची पोरं मुंबईच्या गिरण्यांत गेली. जानेवारी 1982 च्या संपानंतर त्यातली बरीच परतली. पुढे ऊस वाढला, काजूचे कारखाने निघाले, पण तरण्यांची वाट गोवा, पुणे, बेळगावकडेच राहिली. पारगडासारख्या ठिकाणी हे फार उघडं दिसतं. तानाजीचे चिरंजीव रायबा मालुसरे यांच्याकडे शिवाजी महाराजांनी हा गड सोपवला, असं सांगतात. रायबांचे वंशज आजही गडावर नांदतात, पण कमावती माणसं बहुतेक बाहेरगावी.

आणि बोली? तालुका मराठी मुलखात आला, भाषेचा प्रश्न मिटला, असंच सगळ्यांनी धरलं. माझ्या मते तिची पीछेहाट तिथूनच सुरू झाली. परक्या भाषेशी भांडताना माणूस आपली बोली जपतो. इथे समोर होती आपलीच मराठी, शाळेतली, पुस्तकातली, ‘शुद्ध’. तिच्याशी कोण भांडणार? तालुक्यातल्या कोवाडचे रणजित देसाई ‘स्वामी’कार म्हणून महाराष्ट्रभर पोचले, तेही प्रमाण मराठीतूनच. आता आज्जी चंदगडीत बोलते, आई पोराला पुस्तकी मराठीत उत्तर द्यायला लावते. पोराचं भलं व्हावं एवढाच तिचा हेतू. दोष तरी कसा द्यायचा?

फ्रान्सच्या ब्रिटनीत ब्रेतॉन बोलणाऱ्या खेड्यांचं हेच झालं. दुसऱ्या महायुद्धानंतर तिथल्या आईबापांनी पोरांशी फ्रेंच बोलायला सुरुवात केली, तीही पोरांच्या भल्यासाठीच. फ्रेंच जनगणना भाषा विचारत नाही, तरी तिथे वेगळ्या पाहण्या होतात. त्यांतून 2018 साली दोन लाखांच्या आसपास असलेले भाषक 2024 मध्ये लाखाच्या थोडेच वर उरल्याचं दिसलं. आकडा वाईट, पण हाताशी तरी आहे.

आपली जनगणना मातृभाषा विचारते, आणि चंदगडी माणूस मराठीत मोजला जातो. 2011 मध्ये तालुक्यात पावणेदोन लाखांहून जास्त माणसं होती. त्यांतली चंदगडी बोलणारी किती, हे जनगणनेच्या तक्त्यात सापडत नाही. देशभरात दहा हजारांहून अधिक लोकांनी सांगितलेली मातृभाषा छाननीनंतर यादीत वेगळी दाखवता येते. एवढा आकडा चंदगडला जड नाही. पण 2027 च्या गणनेतही बहुतेक घरं ‘मराठी’च सांगतील. महाराष्ट्र-कर्नाटक सीमेचा वाद अजून न्यायालयात असताना, मातृभाषेच्या रकान्यात दुसरं काही लिहायची इथल्या जुन्या माणसांना आजही भीती वाटते.