उद्योगनगरीची वाढ आणि उपभोगाची मर्यादा

पुण्यालगत पवना व इंद्रायणी या नद्यांच्या परिसरात वसलेली पिंपरी-चिंचवड ही औद्योगिक वाढ समजून घेण्यासाठी बोलके उदाहरण आहे. १९५४ साली पिंपरी येथे हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना स्थापन झाला. १९६२ साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ अस्तित्वात आले. पुढे वाहननिर्मितीचे मोठे कारखाने व त्यांना सुटे भाग पुरविणारे असंख्य लघुउद्योग येथे उभे राहिले. १९८२ साली महानगरपालिका झाली आणि २०११ च्या जनगणनेत लोकसंख्या १७ लाखांवर गेली.

मराठवाडा, विदर्भ व खानदेशातून आलेल्या अनेक भूमिहीन कुटुंबांना या नगरीने रोख वेतन दिले आणि गावात जातीने नेमून दिलेल्या कामातून सुटकेची वाट दाखविली. पक्के घर, मुलांचे शिक्षण, औषधोपचार हा उपभोग प्रतिष्ठेच्या जीवनाचा पाया आहे. त्यास चैन म्हणणे अन्यायाचे ठरेल.

परंतु आर्थिक वाढ मोजण्याच्या रीतीत एक उणीव आहे. जे विकले जाते ते मोजले जाते; जे नष्ट होते ते सहसा वजा होत नाही. नोव्हेंबर २०१९ पासून या शहरात दिवसाआड पाणीपुरवठा सुरू झाला. गृहसंस्था टँकर विकत घेतात, तेव्हा तो खर्च उत्पन्नाच्या आकड्यांत भर घालतो. आळंदीजवळ इंद्रायणीवर तरंगणारा फेस मात्र त्या हिशेबात कोठेही दिसत नाही.

कुटुंबाच्या हिशेबातही असेच घडते. हप्त्यावर घेतलेली वस्तू संपन्नतेचा आभास निर्माण करते. वाहनांची मागणी घटली की प्रथम कंत्राटी कामगाराचे काम जाते. हप्ता मात्र थांबत नाही. सिगालोवाद सुत्तात भगवान बुद्धांनी गृहस्थास उत्पन्नाचे चार भाग करण्यास सांगितले आहे : एक उपभोगासाठी, दोन व्यवसायासाठी आणि एक आपत्काळासाठी. येथे उपभोगाचा निषेध नाही, त्याचे प्रमाण ठरविलेले आहे.

आज वेतनातून चौथा भाग राखणे अनेकांना शक्य नाही. म्हणूनच स्थिर रोजगार व स्वच्छ नदी यांची मागणी संघटितपणे करणे, हेही काटकसरीइतकेच गृहस्थाचे कर्तव्य ठरते. उद्योगनगरीत नोकरी करणाऱ्या आपल्या माजी विद्यार्थ्यांनी आणि त्यांच्या पालकांनी हे दोन्ही हिशेब एकत्र मांडावेत.