जमिनीतील मूळ ठेव आणि आपली हवा

आपल्या ट्रस्टच्या रौप्यमहोत्सवी स्मरणिकेसाठी हवामानाविषयी सोप्या भाषेत काही लिहावे, अशी विश्वस्तांची सूचना आली. विषय शास्त्राचा, आणि वाचक बहुतेक कारखान्यात राबणारे, शेती करणारे, घर सांभाळणारे. तेव्हा पुस्तकी व्याख्यांपासून सुरुवात न करता, वर्गात एका वारली मुलाने विचारलेल्या प्रश्नापासूनच सुरुवात करतो. तो म्हणाला, "सर, माझे आजोबा दर उन्हाळ्यात राब भाजतात. त्याचाही धूर वरच जातो. मग हवामान बिघडले म्हणून बोट कारखान्याकडेच का?"

प्रश्न अगदी रास्त होता. त्याचे उत्तर नीट समजले तर हा सारा विषय समजला, असे मला वाटते.

नाचणीचे वा भाताचे रोप करण्यापूर्वी आपले शेतकरी जमिनीवर फांद्या, पालापाचोळा व शेण पसरून तो थर जाळतात. त्या पानांत जो कार्बन असतो, तो झाडाने एकदोन वर्षांपूर्वी हवेतूनच घेतलेला असतो. जाळल्यावर तो कार्बन डायऑक्साइड वायूच्या रूपाने हवेत परत जातो आणि झाडाला नवी पालवी फुटली की पुन्हा पानात येतो. घेतले तेवढे दिले, जमाखर्च बरोबर. मात्र झाड मुळासकट गेले आणि तेथे दुसरे उगवलेच नाही, तर हा हिशेब मोडतो, हेही ध्यानात ठेवले पाहिजे.

दगडी कोळशाचे तसे नाही. आपल्या देशातील बराचसा कोळसा २५ कोटी वर्षांहूनही जुन्या वनस्पतींपासून बनलेला आहे. त्या दलदलीत गाडल्या गेल्या आणि त्यांच्यातील कार्बन जमिनीत बंद झाला. खनिज तेल व नैसर्गिक वायू यांचीही कथा अशीच, फक्त ते मुख्यतः समुद्रातील सूक्ष्म जीवांपासून बनले. ही पृथ्वीची मूळ ठेव होय. वक्फ असो वा धर्मादाय ट्रस्ट, नियम एकच असतो: मूळ निधीला हात लावावयाचा नाही, उत्पन्नातून खर्च चालवावयाचा. राब म्हणजे वर्षाच्या उत्पन्नातला खर्च. कोळसा जाळणे म्हणजे मूळ निधी मोडून खाणे. दोन्हींचा धूर डोळ्यांना सारखाच झोंबतो, पण हिशेबाच्या वहीत ते दोन निराळ्या पानांवर लिहावे लागतात.

ही ठेव किती वेगाने हवेत जाते, पाहा. कार्बनचा अणू १२ वजनाचा; जळताना त्याला हवेतील प्राणवायूचे दोन अणू चिकटतात आणि वजन ४४ होते. म्हणजे १ किलो शुद्ध कार्बन जाळला की सुमारे ३.७ किलो वायू तयार होतो. एक लिटर पेट्रोलमागे सुमारे २.३ किलो वायू मोटारसायकलच्या नळीतून बाहेर पडतो. मुलांना हे प्रथम खरेच वाटत नाही. इंधन संपले की ते नाहीसे झाले, अशी आपली सर्वांचीच समजूत असते. ते नाहीसे होत नाही, केवळ दिसेनासे होते.

आता हा वायू करतो काय? सूर्यप्रकाशाला तो फारसा अडवीत नाही. पण तापलेली जमीन जी उष्णता परत वर फेकते, तिचा काही भाग तो धरून ठेवतो. थंडीत अंगावर घेतलेल्या गोधडीसारखे त्याचे काम असते. हे काम मुळात वाईट नव्हे. अशी गोधडी नसती तर पृथ्वीचे सरासरी तापमान सुमारे १५ अंशांऐवजी शून्याखाली १८ अंश राहिले असते. दोष आहे तो गोधडीवर गोधडी चढवण्याचा. युनिस फूट या अमेरिकन बाईंनी १८५६ साली, व जॉन टिंडल यांनी १८५९ पासून, या वायूच्या उष्णता धरण्याच्या गुणाचे प्रयोग केले. १८९६ साली स्वीडनच्या अर्‍हेनियस यांनी, वायू वाढल्यास पृथ्वी किती तापेल, याचे गणितही मांडले. म्हणजे ही काही कालपरवाची आवई नव्हे.

यंत्रयुगापूर्वी हवेच्या १० लाख भागांत या वायूचे सुमारे २८० भाग होते. १९५८ साली चार्ल्स कीलिंग यांनी हवाई बेटावरील मौना लोआ पर्वतावर नियमित मोजणी सुरू केली, तेव्हा ते सुमारे ३१५ भरले. २०२४ साली सरासरी ४२४ च्या पुढे गेली. कोणी म्हणेल, हा वायू आमच्याच इंधनाचा कशावरून? त्यालाही पुरावा आहे. जिवंत वनस्पतींत कार्बनचा एक किरणोत्सर्गी प्रकार अल्प प्रमाणात असतो. तो हजारो वर्षांत झिजून जातो, म्हणून जुनाट कोळशात तो शिल्लकच नसतो. कोळशाचा धूर हवेत मिसळू लागला तसे हवेतील त्याचे प्रमाण पातळ होत गेल्याचे हान्स स्यूस यांनी १९५५ साली दाखवून दिले. नोटांचे क्रमांक पाहून रक्कम कोणत्या तिजोरीतली हे ओळखावे, तशी ही ओळख पटली.

येथे आपल्या मसाटची गोष्ट येते. दादरा व नगर हवेलीत १९६५ साली पिपरिया येथे औद्योगिक वसाहत सुरू झाली आणि १९७८ साली मसाटला सरकारी वसाहत उभी राहिली. चिमणीतून काळा लोट निघाला की आपण कुरकुरतो. गाळणी बसून धूर पांढुरका झाला की निश्चिंत होतो. काजळी व धूळ फुप्फुसांना घातक असते. ती रोखलीच पाहिजे. पण ती काही दिवसांत खाली बसते किंवा पावसाने धुतली जाते. न दिसणाऱ्या वायूला साध्या गाळणीने अडवता येत नाही, आणि त्याचा बराच भाग शतकानुशतके हवेत राहतो. जो धूर दिसतो तो आजचा त्रास. जो दिसत नाही तो नातवंडांच्या नावावरचे कर्ज.

त्या कर्जाची वसुली सुरू झालेली आहे. हवा एक अंशाने तापली की ती सुमारे ७ टक्के अधिक बाष्प धरू शकते. म्हणून पाऊस पडतो तेव्हा कोसळतो. पुण्याच्या उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेतील रॉक्सी मॅथ्यू कोल व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ साली दाखवले, की १९५० ते २०१५ या काळात मध्य भारताच्या पट्ट्यात विस्तृत अतिवृष्टीच्या घटना तिपटीने वाढल्या, आणि पावसाळ्यातील एकूण पाऊस मात्र घटला. रोप लावले की उघडीप आणि कणीस भरले की झोड, हा अनुभव ज्याला भोगावा लागतो तो त्या मुलाचा आजोबाच. भारतात दरडोई वर्षाला सुमारे २ टन कार्बन डायऑक्साइड निघतो, अमेरिकेत सुमारे १४. डोंगरपाड्यावरच्या माणसाचा वाटा तर त्या २ टनांतही नाममात्र. ठेव मोडली एकाने आणि भरपाई करतो दुसरा, असा हा व्यवहार आहे.

मग कारखाने बंद करावेत काय? असे मी म्हणणार नाही. १९६१ साली या प्रदेशात ५७,९६३ माणसे होती; २०११ साली ३,४३,७०९ झाली. दूरदूरहून आलेल्या कितीतरी कुटुंबांच्या चुली या कारखान्यांवर पेटतात, माझ्या वर्गातील निम्म्या मुलांची फीही त्यांतूनच येते. ज्याची भाकरी खाल्ली त्याला केवळ शिव्या देणे सोपे, पण प्रामाणिकपणाचे नव्हे. तथापि ठेव मोडण्याचा वेग कमी करणे आपल्या हाती आहे. देशातील सुमारे तीनचतुर्थांश वीज कोळशापासून होते. म्हणून वाचवलेल्या दर युनिटामागे सुमारे पाऊण किलो वायू वाचतो. जुन्या पंख्याला ७५ वॉट लागतात, नव्या प्रकारच्या पंख्याला तीसच्या आसपास. कारखान्यांच्या पत्र्यांवर ऊन फुकट पडते. तेथे सौरपत्रे बसू शकतात. सुताचा व प्लास्टिकचा कचरा मागील अंगणात जाळू नये. तोही खनिज तेलाचाच, आणि त्यातून वर विषारी धूर निघतो. राबासाठी फांद्या तोडताना खोड राखावे.

विश्वस्तांना एक विनंती करून हा लेख पुरा करतो. आपल्या ट्रस्टचा हिशेब दरवर्षी जाहीर वाचून दाखवला जातो. पुढील वर्षापासून त्यातच दोन आकडे अधिक असावेत: आपल्या वास्तूत किती युनिट वीज लागली आणि त्यांपैकी किती उन्हातून मिळाली. पंचवीस वर्षे आपण देणगीदारांची अमानत सांभाळली. जमिनीतील ठेवीचा देणगीदार पावती मागावयास येत नाही, पण तीही अमानतच आहे.