सही न करता कापला गेलेला चेक
ऑनलाइन खरेदीचे पैसे खात्यातून कसे जातात, हे घरातल्या प्रत्येकाने समजून घेण्याची गरज

मागच्या वर्षी आमच्या आपांचा सकाळीच फोन आला. आवाज घाबरलेला. "अरे, माझ्या खात्यातून दर महिन्याला आठशे रुपये जातायत. तीन महिने झाले. मी कुठल्या चेकवर सही केली नाही, कुणाला पैसे दिले नाहीत!"

पासबुक घेऊन बसलो तेव्हा उलगडा झाला. नातीसाठी त्यांनी एक ऑनलाइन शिकवणी घेतली होती. मुलीचे मन रमले नाही म्हणून ॲप मोबाइलमधून काढून टाकले आणि विषय संपला असे समजून सगळे मोकळे झाले. पण पहिली फी भरताना डेबिट कार्डाचा नंबर टाकला होता, दर महिन्याच्या वसुलीच्या चौकोनावर टिक केली होती आणि ओटीपी दिला होता. आपांनी सही केली नव्हती असे नाही. सही झाली होती, फक्त शाईची नव्हती.

कागदी चेक आठवून पाहा. त्यात खाते कुणाचे, पैसे कुणाला, किती, केव्हा आणि खातेदाराची सही, एवढ्याच गोष्टी असतात. कागद हे केवळ वाहन आहे. खरी गोष्ट आहे ती खातेदाराने बँकेला दिलेली आज्ञा. ही आज्ञा कागदाशिवाय पोहोचवली की झाला इलेक्ट्रॉनिक चेक.

अमेरिकेत 'ई-चेक' या नावानेच ही पद्धत चालते. ग्राहक दुकानाच्या वेबसाइटवर बँकेचा नऊ आकडी राउटिंग नंबर आणि आपला खाते क्रमांक भरतो, रक्कम मंजूर करतो. दुकानदाराची बँक अशा आज्ञा एकत्र करून एसीएच या क्लिअरिंग जाळ्यात पाठवते. तिथून त्या ग्राहकाच्या बँकेकडे जातात आणि खात्यात पैसे असतील तर वळते होतात. हे काम बहुधा लगेच होत नाही, एक-दोन दिवस तरी जातात. खात्यात शिल्लक नसेल तर हा चेकही परत जातो. म्हणूनच काही दुकाने पैसे पक्के जमा होईपर्यंत माल पाठवत नाहीत.

आपल्याकडे 1881 च्या पराक्राम्य संलेख कायद्यात 2002 साली दुरुस्ती होऊन इलेक्ट्रॉनिक चेकला जागा मिळाली. पण ऑनलाइन दुकानात आपण तो वापरत नाही. आपले व्यवहार दोन प्रकारांत मोडतात आणि हा फरक समजला की निम्मी भीती जाते.

पहिल्या प्रकारात पैसे आपण पाठवतो. यूपीआयवर रक्कम पाहून पिन टाकला किंवा नेट बँकिंगमधून पैसे भरले की तेवढेच जातात, एकदाच जातात. दुसऱ्या प्रकारात पैसे समोरचा ओढून घेतो. आपण एकदा परवानगी देतो आणि ठरलेल्या तारखेला तो बँकेकडे मागणी करतो. या परवानगीला ई-मॅन्डेट म्हणतात. नॅच, यूपीआय ऑटोपे आणि कार्डावरची दरमहाची वसुली ही याच जातीची. अमेरिकेतल्या ई-चेकचे जवळचे नातेवाईक हेच.

मॅन्डेट देताना तीन गोष्टी वाचाव्यात. पहिली, कमाल रक्कम. फी आठशे असली तरी परवानगी पाच हजारांपर्यंतची मागितलेली असू शकते. दुसरी, वसुली किती दिवसांनी होणार. तिसरी, शेवटची तारीख. देण्याघेण्याची लिखापढी नीट करावी असे आपल्या घरांत पिढ्यान्‌पिढ्या सांगितले जाते. मोबाइलच्या पडद्यावरची ही लिखापढीही त्यातच मोडते.

कार्ड किंवा यूपीआयवरून अशी वसुली होणार असेल तर किमान 24 तास आधी ग्राहकाला कळवावे, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. मग आपांना का कळले नाही? कारण खाते त्यांचे, पण बँकेत नोंदवलेला मोबाइल नंबर कतारला असलेल्या मुलाचा! सूचना त्याच्याकडे जात होत्या आणि इतर मेसेजच्या ढिगात बुडत होत्या. पहिल्या वेळचा ओटीपीही त्यानेच फोनवरून वाचून दाखवला होता.

आम्ही बँकेत जाऊन आधी नंबर बदलून घेतला, मग ते मॅन्डेट रद्द केले. शिकवणीवाल्यांनी एका महिन्याची फी परत केली. दोन महिन्यांचे पैसे गेले ते गेलेच. ॲप काढल्याने परवानगी रद्द होत नाही, हा धडा सोळाशे रुपयांना पडला.

उलट बाजूही लक्षात ठेवावी. देणे खरे असेल आणि खात्यात शिल्लक नसल्यामुळे वसुली परत गेली, तर बँक दंड लावते. शिवाय पेमेंट अँड सेटलमेंट सिस्टिम्स कायदा, 2007 च्या कलम 25 नुसार तो गुन्हा ठरू शकतो. नोटीस मिळूनही 15 दिवसांत पैसे दिले नाहीत तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दुप्पट रकमेपर्यंत दंड, किंवा दोन्हीही होऊ शकतात. चेक बाउन्स झाल्यावर जे होते तेच इथेही. त्यामुळे वसुलीच्या तारखेआधी खाते पाहून ठेवणे बरे.

आणि फसवणूक झालीच तर? शरमेने गप्प बसू नये. ताबडतोब बँकेला कळवावे आणि 1930 या क्रमांकावर तक्रार करावी. आपली चूक नसताना, बँकेचीही नसताना, कुणा तिसऱ्याने पैसे काढले आणि आपण बँकेची सूचना मिळाल्यापासून तीन कामकाजी दिवसांत कळवले, तर नुकसान आपल्या माथी येऊ नये असे रिझर्व्ह बँकेने 2017 साली ठरवून दिले आहे. पण ओटीपी किंवा पिन आपणच दिला असेल, तर कळवेपर्यंतचा तोटा आपला. आणि पैसे मिळवण्यासाठी पिन कधीच लागत नाही, तो फक्त देण्यासाठी लागतो.

आज आपल्या अनेक घरांत खाते अम्मीचे, कार्ड अब्बांकडे आणि मोबाइल मुलाचा अशी वाटणी असते. ती प्रेमाने झालेली असते, पण खातेदारच अंधारात राहतो. या महिन्यात एकदा घरात सगळ्यांनी मिळून बसावे. प्रत्येक खात्याला कोणता नंबर जोडला आहे आणि कोणकोणती मॅन्डेट चालू आहेत, ते पाहावे. आपांच्या मोबाइलवर आता मेसेज वाजला की त्या चष्मा लावून आधी रक्कम वाचतात, मगच चहाचा कप उचलतात.