पूर्वभागाचे अनेक शेवट आणि उत्तरभागाची भाषा

कादंबरीचा दुसरा भाग लिहिणाऱ्याला एक सोय असते : पहिल्या भागाचा शेवट ठरलेला असतो. संगणकावरील ज्या खेळांत कथेचा ओघ खेळणाऱ्याच्या निवडीवर सोपविलेला असतो, तेथे ही सोय उरत नाही. एकाच खेळाच्या एका घरी राजा जिवंत असतो, शेजारच्या घरी तो मारला गेलेला असतो, आणि दोन्ही घरी पुढचा भाग मात्र एकच विकत घेतला जातो. त्या भागाच्या पहिल्या वाक्याने नेमके काय गृहीत धरावे? हा प्रश्न वरवर करमणुकीच्या व्यवसायाचा वाटतो. वस्तुतः तो पूर्वगृहीताचा, म्हणजे भाषाशास्त्राचा प्रश्न आहे.

उदाहरणासाठी दूर जाण्याचे कारण नाही. आज मोटारींच्या कारखान्यांमुळे ओळखल्या जाणाऱ्या चाकणमध्ये संग्रामदुर्ग या भुईकोटाचे अवशेष उभे आहेत. १६६० च्या पावसाळ्यात फिरंगोजी नरसाळ्याने हा कोट शाइस्तेखानाच्या फौजेविरुद्ध सुमारे दोन महिने लढविला. सुरुंगाने बुरूज उडाल्यावर ऑगस्टमध्ये तो पडला. खानाने देऊ केलेली चाकरी फिरंगोजीने नाकारली, असे परंपरा सांगते. यावर एक खेळ रचला आहे, अशी कल्पना करावी. नायक कोटातील एक शिपाई. तो पुरुष असावा की स्त्री, हे खेळणाऱ्याने ठरवावयाचे. शेवट तीन : कोट पावसाळाभर टिकतो, कोट पडतो व नायक मानाने बाहेर पडतो, कोट पडतो व नायक मोगलांची चाकरी पत्करतो. दुसरा भाग एप्रिल १६६३ मधील लाल महालावरच्या छाप्याचा. आता हा दुसरा भाग लिहावयाचा कसा?

सर्वांत जुना उपाय म्हणजे एक शेवट खरा मानून उरलेले रद्द करणे. इतिहास अशा वेळी आयता आधार देतो. परंतु ज्याने महिनाभर रात्री जागून कोट राखला, त्याला दुसऱ्या भागाच्या आरंभीच ‘चाकण पडले’ असे सांगणे म्हणजे त्याची मेहनत पुसून टाकणेच होय. कधी कधी रद्द न होणारा शेवट अगदी अनपेक्षित असतो. ‘ड्रॅकेनगार्ड’ या जपानी खेळाच्या पाच शेवटांपैकी पाचवा सर्वांत विक्षिप्त. कथा एकाएकी आधुनिक टोकियोत जाऊन पडते. २०१० चा ‘निअर’ नेमका त्या पाचव्या शेवटातून निघाला.

दुसरा उपाय याच्या अगदी उलट : सगळेच शेवट खरे मानणे. ‘ड्यूस एक्स’ (२०००) या खेळाला तीन शेवट होते. नायकाने कृत्रिम बुद्धीशी एकरूप व्हावे, जगाची सूत्रे एका गुप्त मंडळाकडे द्यावीत, किंवा दळणवळणाचे जाळे नष्ट करून जगाला अंधारयुगात लोटावे. २००३ च्या उत्तरभागाने तिन्हींची मोट बांधली. ‘डेगरफॉल’ (१९९६) च्या पुढील भागांनी तर काळच तुटला व सर्व शेवट एकदमच घडले, असे जाहीर केले. हे हास्यास्पद वाटेल. पण पुण्याने असे काही प्रत्यक्ष अनुभवले आहे. १७६१ मध्ये पानिपतावर सदाशिवरावभाऊ पडले, हे एक सत्य. त्यांच्या पत्नी पार्वतीबाईंनी वैधव्य स्वीकारले नाही, हे दुसरे. पुढे भाऊसाहेब म्हणून एक तोतया उभा राहिला आणि १७७६ मध्ये त्याला देहदंड होईपर्यंत दोन्ही शेवट एकाच राज्यात नांदत होते.

तिसरा उपाय नोंदीचा. ‘मास इफेक्ट’च्या दुसऱ्या भागाने (२०१०) पहिल्या भागाची (२००७) जतन केलेली नोंद वाचली आणि तीनुसार जग मांडले. यात हिशेबाची अडचण आहे. दोन-दोन पर्यायांच्या दहा निवडी घेतल्या तरी १,०२४ भिन्न जगे होतात. तितक्या कथा कोणी लिहू शकत नाही. म्हणून लेखक बदली पात्रे ठेवतात. पहिल्या भागात रेक्स हा योद्धा मेला असेल तर त्याच्या टोळीच्या प्रमुखपदी त्याचा भाऊ भेटतो. प्रसंग तोच राहतो, माणूस तेवढा बदलतो. किंवा प्रवाह पुन्हा एकत्र आणतात. पहिल्या भागाच्या शेवटी अँडरसन व उडिना यांपैकी कोणालाही परिषदेवर पाठविले, तरी तिसऱ्या भागात त्या जागी उडिनाच बसलेला असतो. निवडीचा मान ठेवल्यासारखे दाखवून ती निष्फळ करण्याचा हा प्रकार फारसा प्रामाणिक नव्हे.

चौथा उपाय भाषेच्या अभ्यासकाला सर्वांत मोलाचा : खेळणाऱ्यालाच विचारणे, तेही संभाषणात. ‘द विचर’च्या तिसऱ्या भागात (२०१५) नायकाची दाढी होत असता एक सरदार गतकाळाविषयी प्रश्न करतो व उत्तरांवरून पूर्वभाग ठरतो. ‘नाइट्स ऑफ द ओल्ड रिपब्लिक’च्या दुसऱ्या भागात (२००४) एक सोबती रेव्हन या जुन्या नायकाविषयी बोलतो, रेव्हन स्त्री होता की पुरुष, सत्पक्षाचा की दुष्टपक्षाचा, हे त्या बोलण्यातून निश्चित होते. प्रश्न विचारला जाईपर्यंत मात्र प्रत्येक वाक्य संदिग्ध ठेवावे लागते. इंग्रजीत त्यासाठी तृतीयपुरुषी सर्वनाम टाळले की बहुतेक काम भागते. मराठीत काय होईल?

वर्तमानकाळात ‘तू लढतोस’ आणि ‘तू लढतेस’ असा भेद अटळ आहे. भूतकाळी अकर्मक क्रियापदांतही ‘तू राहिलास’, ‘तू राहिलीस’. परंतु सकर्मक क्रियापद भूतकाळी कर्माशी जुळते. ‘तू दरवाजा उघडलास, खिडकी उघडलीस, दार उघडलेस’ यांतील भेद दरवाजा, खिडकी व दार यांचे आहेत. उघडणाऱ्याच्या लिंगाचा तेथे मागमूस नाही. भविष्यकाळ तर पूर्ण मोकळा : ‘मी जाईन’, ‘तू जाशील’. हिंदीत ही सवलत नाही. आदरार्थी ‘तुम्ही आलात’ हे दोघांनाही चालते. तृतीय पुरुषात ‘ते’ व ‘त्या’ भिन्न असले तरी ‘त्यांनी कोट सोडला’, ‘त्यांना बोलावले’ यांत लिंग लपते. म्हणजे लाल महालातील एखादा जासूद चाकणच्या वीराविषयी प्रकरणभर आदराने बोलू शकेल आणि वीर की वीरांगना हे उघड होणार नाही.

शेवट लपविण्याचीही साधने आहेत. ‘चाकण राखले असते तर’ हा संकेतार्थ कोट पडल्याचे गृहीत धरतो, ‘चाकण राखले म्हणून’ हे राखल्याचे. दोन्ही येथे वर्ज्य. ‘चाकणचे जे झाले ते झाले’ हे वाक्य मात्र तिन्ही शेवटांना सारखेच बसते. मराठी माणूस भांडण मिटविताना ‘झाले गेले गंगेला मिळाले’ म्हणतो, तेव्हा तोही काय झाले ते न सांगताच पुढे जातो.

या सोयींची किंमत मात्र द्यावी लागते. आदरार्थी बहुवचन शत्रूच्या तोंडी विसंगत ठरते. खानाचा सरदार हिणवताना ‘तू’च म्हणेल. त्याहून अवघड जागा आईची. तीन वर्षांनी घरी आलेल्या लेकराला ती ‘तुम्ही’ म्हणणार नाही. ‘चाकण सोडलेस ना?’ हे लिंगाच्या दृष्टीने चालेल, पण शेवट फोडील. ‘आम्हाला विसरलास का?’ हा खरा तिचा प्रश्न. आणि ‘विसरणे’ हे सकर्मक असूनही ‘शिकणे’, ‘बोलणे’ यांच्याप्रमाणे कर्त्याशीच जुळणारे क्रियापद आहे. ‘आमची आठवण आली का?’ असे वळण देता येईल. त्यात व्याकरण निभावते, पण मूळ वाक्यातला आरोप नाहीसा होतो. अशा ठिकाणी भाषांतरकाराने काटकसर करू नये. आईचे वाक्य दोनदा लिहावे, दोनदा ध्वनिमुद्रित करावे, आणि संदिग्धतेची युक्ती जासुदासाठी राखून ठेवावी.